पुण्याला न्या!

आपल्या ग्रामीण महाराष्ट्रात वैद्यकीय सल्ल्याचे एक अतिसंक्षिप्त सूत्र तयार झाले आहे. ते दोनच शब्दांचे आहे : ‘पुण्याला न्या!’ बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत तर हे सूत्र इतके अंगवळणी पडले आहे की, ते कानी पडल्यावर नातेवाईक पुढचा प्रश्नच विचारीत नाहीत. कोणी गाडी पाहावयास धावतो, कोणी पैशांची तजवीज करू लागतो, आणि छातीवर हात दाबून घामाघूम झालेला माणूस मागच्या आसनावर आडवा केला जातो. निमगाव केतकी असो की बावडा, सुपे असो की पणदरे, चित्र सारखेच. सल्ला देणाऱ्याची जबाबदारी तेथे संपते आणि घेणाऱ्याची सुरू होते.

या दोन शब्दांविरुद्ध आम्हांला येथे फिर्याद मांडावयाची आहे. ती पुण्याविरुद्ध नव्हे. पुण्याच्या रुग्णालयांनी असंख्यांचे प्राण वाचविले आहेत आणि त्यांत आपल्या कुटुंबांतील माणसेही आहेत. आमची फिर्याद आहे ती एका समजुतीविरुद्ध. हृदयविकाराचा झटका हा शहरात बरा करावयाचा आजार आहे आणि गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे काम रुग्णाला वाट दाखविण्यापुरतेच आहे, ही ती समजूत. ती केवळ चुकीची आहे असे म्हणून आम्ही थांबणार नाही. ती प्राणघातक आहे, आणि तिचे बळी बहुतेक वेळा गरीब असतात.

प्रथम या आजाराचे स्वरूप पाहू. हृदय साऱ्या देहाला रक्त पुरविते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते पुरविणाऱ्या बारीक रोहिण्यांपैकी एखादीत गुठळी अडकली की, तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू उपाशी पडतो आणि मिनिटामिनिटाने मरू लागतो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. झटक्याच्या पहिल्या काही तासांत बहुतेक रुग्णांच्या रोहिणीत खरोखरच गुठळी असते, हे १९८० साली अमेरिकेतील डिवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मग ओघानेच प्रश्न आला की, गुठळी विरघळविली तर?

उत्तर फार लवकर मिळाले. १९८६ साली इटलीत अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘जिस्सी’ या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळविणारे औषध देण्यात आले. वेदना सुरू झाल्यापासून पहिल्या तासात ज्यांना औषध मिळाले, त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. जसजसा उशीर झाला, तसतसा हा लाभ ओसरत गेला. दोनच वर्षांनी, १९८८ मध्ये, ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साध्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील मृत्यू २३ टक्क्यांनी कमी केले, स्ट्रेप्टोकायनेजने २५ टक्क्यांनी आणि दोन्ही मिळून ४२ टक्क्यांनी. काही पैशांची एक गोळी आणि शिरेतून द्यावयाचे एक औषध! यासाठी शस्त्रक्रियागृह लागत नाही, भूलतज्ज्ञ लागत नाही. लागते ते वेळेवर निदान, आणि औषध हाताशी असणे.

हे ज्ञान आज नवे राहिलेले नाही. मग ते इंदापूर तालुक्यातील वाडीवस्तीपर्यंत का पोहोचत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

आता रस्त्याचा हिशेब मांडून पाहू. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून सुमारे १४०. नीरा नरसिंहपूरच्या बाजूचा माणूस याहूनही दूर. पुणे-सोलापूर महामार्ग रुंद झाला हे खरे, पण हडपसरपाशी गाडी अडली की त्या रुंदीचा उपयोग नाही. समजा, रात्री अकराला छातीत कळ आली. पहिला तास ‘पित्त असेल’ म्हणून सोडा, जिरे आणि गरम पाणी यांत गेला. दुसरा तास गावातील डॉक्टरांना उठविण्यात आणि एका इंजेक्शनात गेला. तेथून ‘पुण्याला न्या’. गाडी मिळाली एकच्या पुढे, पुणे आले चारच्या सुमारास, कागद झाले, पैसे भरले, आणि उपचाराची सुई टोचली गेली ती पहाटे पाचला. सहा तास! ज्या पहिल्या तासात औषध सर्वाधिक प्रभावी होते तो सोड्याच्या बाटलीत विरघळून गेला. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काय सांगतात? छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पहिल्या वैद्यकीय भेटीपासून दहा मिनिटांत निघावा. निदानापासून दोन तासांच्या आत रोहिणीत फुगा घालून ती मोकळी करणे, म्हणजे अँजिओप्लास्टी, शक्य असेल तर ती करावी. शक्य नसेल तर गुठळी विरघळविणारे औषध तेथल्या तेथे, विनाविलंब द्यावे. इंदापूरच्या रुग्णाला पुण्याची अँजिओप्लास्टी दोन तासांत मिळणे नकाशावरच शक्य नाही. म्हणजे त्याच्यासाठी दुसरा मार्ग हाच शास्त्रशुद्ध मार्ग होय. आपण त्याला पहिला मार्गही देत नाही आणि दुसराही नाही. आपण त्याला फक्त प्रवास देतो.

हा आमचा कल्पनाविलास नाही. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी, म्हणजे आपल्याच देशातील कॅथलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेने उभारलेल्या संस्थेतील माणसांनी, ‘क्रिएट’ या नावाने भारतभरची एक मोठी नोंदणी केली. ५० शहरांतील ८९ रुग्णालये आणि वीस हजारांहून अधिक रुग्ण तिच्यात होते. २००८ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. त्या नोंदणीत तीव्र झटक्याच्या रुग्णांना रुग्णालय गाठण्यास लागलेला मध्यम काळ ३६० मिनिटांचा होता. म्हणजे निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला. रुग्णालयात पोहोचल्यावर औषध सुरू होण्यास मात्र सुमारे ५० मिनिटेच लागली. उशीर कोठे होतो, हे यावरून स्वच्छ दिसते. तो रुग्णालयाच्या दारात नव्हे, दारापर्यंतच्या वाटेवर होतो.

पण या अहवालातील आम्हांला झोंबलेली गोष्ट निराळीच आहे. तीस दिवसांच्या आत मरण पावलेल्यांचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के होते, गरिबांत ८.२ टक्के. कोणी म्हणेल, गरिबांची प्रकृती मुळात खालावलेली, तंबाखूचे व्यसन अधिक, म्हणून असे झाले असेल. संशोधकांनी तेही तपासले. या गोष्टी हिशेबात धरूनही फरक राहिलाच. मिळालेले उपचार हिशेबात धरले तेव्हा मात्र तो फरक नाहीसा झाला. याचा अर्थ काय? गरिबाचे हृदय निराळे नसते. त्याला दिला जाणारा उपचार निराळा असतो. जो फरक दैवाचा नसून कपाटातील औषधाचा आहे, त्याला ‘देवाची इच्छा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि हा आजार आता ‘श्रीमंतांचा’ राहिलेला नाही. १९९० साली भारतातील एकूण मृत्यूंपैकी सुमारे १५ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत असत. २०१६ पर्यंत हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. दिवाळीच्या सुमारास माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांची धुराडी पेटली की, दूरदूरच्या दुष्काळी भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या या भागात उतरतात. पहाटे फडात, रात्री बैलगाडीवर आणि मधला थोडा वेळ कोपीत, अशा त्या आयुष्यात चाळिशीच्या माणसाची छाती भरून आली तर त्याच्यापाशी ना ओळखीचा डॉक्टर, ना पुण्याचा पत्ता, ना उचल फेडल्यावाचून हाती येणारा पैसा. ‘पुण्याला न्या’ हे शब्द त्याच्या बाबतीत सल्ला नसतात, निकाल असतो. त्याच्या वाटेवर सर्वांत जवळ उभी असलेली एकच सरकारी वास्तू असते, ती म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथे जे मिळेल तेच त्याला मिळणार.

येथे आमचे विरोधक पहिला आक्षेप घेतील. प्राथमिक आरोग्य केंद्रातील तरुण डॉक्टरला ईसीजीतील बारकावे कसे कळणार? तो काही हृदयरोगतज्ज्ञ नव्हे! आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. ज्या विलेम आइन्टहोवेन या डच शास्त्रज्ञाने हृदयाच्या विद्युत्‌लहरींचा आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले आणि १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळविले, त्याचे यंत्र इतके अवजड होते की ते रुग्णापाशी नेता येत नसे. म्हणून १९०५ साली त्याने लेडन शहरातील रुग्णालयापासून आपल्या प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे दीड किलोमीटर, टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचा आलेख आणला. रुग्ण एकीकडे आणि जाणकार दुसरीकडे, ही कल्पना ईसीजीच्या जन्माबरोबरच जन्मली आहे. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशातील फोन लग्नाची छायाचित्रे क्षणात दुबईला धाडतो. त्याच फोनला हृदयाचा एक कागद लासुर्ण्याहून शहरातील तज्ज्ञापर्यंत नेता येणार नाही काय?

नेता येतो, हे आपल्या शेजाऱ्यांनी सिद्ध केले आहे. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या हृदयरोग केंद्रांशी जोडून एक योजना राबविण्यात आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. गोव्यात २०१८ च्या अखेरीस बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्रस्थानी ठेवून अशीच योजना सुरू झाली : गावाच्या आरोग्य केंद्रात ईसीजी, तज्ज्ञांकडून तत्काळ वाचन, तेथल्या तेथे गुठळी विरघळविणारे महागडे औषध विनामूल्य, आणि मग पुढे रवानगी. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यानेही ‘स्टेमी’ या नावाने काही जिल्ह्यांत याच धर्तीवर कार्यक्रम हाती घेतला आहे. तेव्हा ‘हे आपल्याकडे होणे नाही’ असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. प्रश्न एवढाच की, आपल्या गावच्या केंद्रात, आज रात्री, ते होते की नाही.

दुसरा आक्षेप असा की, खेड्यातील केंद्रात हृदयाचे गंभीर रुग्ण हाताळणे हे दुःसाहस होय. अशा मंडळींना आम्ही महाड तालुक्यातील बिरवाडीची आठवण देतो. डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ साली तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील लाल विंचवाचा दंश म्हणजे त्या काळी मृत्यूची चिठ्ठी. विष हृदयावर आघात करते आणि फुप्फुसांत पाणी भरून रुग्ण दगावतो, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून टिपले. प्राझोसिन या साध्या गोळीचा उपाय शोधला, आणि त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ने छापली. विंचूदंशाचे मृत्यू चाळीस टक्क्यांच्या घरातून एक टक्क्यापर्यंत खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी प्रत्येक रुग्णाला ‘मुंबईला न्या’ म्हटले असते, तर कोकणातील किती घरे ओस पडली असती? बिरवाडीत ना कॅथ लॅब होती, ना इंटरनेट. होती ती रुग्ण आपला आहे ही जाणीव.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला आम्ही बगल देणार नाही. गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्रावही घडवू शकते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ या चाचणीत, टेनेक्टेप्लेज हे औषध मिळालेल्या सुमारे शंभरातील एका रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. पंच्याहत्तरीपुढील रुग्णांसाठी मात्रा निम्मी केल्यावर हे प्रमाण निम्म्यावर आले. धोका आहे, पण तो मोजलेला धोका आहे. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता काय, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे काय, रक्तदाब अनावर आहे काय, कोठून रक्त जाते काय, असे ठरलेले प्रश्न विचारून तो कमी करता येतो. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाचा तज्ज्ञ असतो तो नेमका यासाठीच. उलट, उपचारावाचून केलेल्या तीन तासांच्या प्रवासाचा धोका कोणी मोजतो काय? झटक्याच्या पहिल्या तासांत हृदयाचा ठोका अकस्मात बेताल होऊन माणूस क्षणात कोसळतो. भाड्याच्या गाडीत त्याला विजेचा धक्का देणारे यंत्र नसते. भिगवण ओलांडल्यावर रस्त्यातच झालेला मृत्यू कोणत्याही डॉक्टरच्या खाती जमा होत नाही, म्हणूनच ‘पुण्याला न्या’ हा सल्ला इतका सुरक्षित वाटतो. तो सल्ला देणाऱ्याला सुरक्षित आहे.

चौथा आक्षेप स्वाभिमानी माणसाचा आहे. शहरवाल्यांना अँजिओप्लास्टी आणि गावकऱ्यांना इंजेक्शन, हा दुजाभाव नव्हे काय? ‘स्ट्रीम’ चाचणीनेच याचे उत्तर दिले. ज्यांना तासाभरात अँजिओप्लास्टी मिळणे शक्य नव्हते अशा १,८९२ रुग्णांत, आधी औषध व नंतर अँजिओग्राफी मिळालेल्यांपैकी १२.४ टक्के रुग्णांना, तर थेट अँजिओप्लास्टी मिळालेल्यांपैकी १४.३ टक्के रुग्णांना महिन्याभरात मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत यांना तोंड द्यावे लागले. म्हणजे वेळेवर दिलेले इंजेक्शन उशिरा मिळालेल्या अँजिओप्लास्टीच्या बरोबरीने उभे राहिले. आणि औषध दिले म्हणजे प्रवास टळला, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. औषध दिल्यावर रुग्णाला लागलीच मोठ्या रुग्णालयाकडे हलवावयाचे असते. काहींच्या बाबतीत औषध अपुरे ठरते आणि तातडीने फुगा घालावा लागतो, तर उरलेल्यांची तपासणी दुसऱ्या दिवसापर्यंत व्हावयाची असते. पुण्याला न्या, सोलापूरला न्या, जवळ जेथे अहोरात्र सोय असेल तेथे न्या, पण निदान करून न्या, ॲस्पिरिन चावावयास देऊन न्या, औषध टोचून न्या, आणि पुढच्या रुग्णालयाला कळवून न्या.

पाचवे कारण कोणी उघडपणे बोलत नाही. ते आम्ही बोलतो, कारण त्यात आपल्या समाजाचाही दोष आहे. उपचार करून रुग्ण दगावला तर नातेवाईक केंद्राच्या काचा फोडतात आणि डॉक्टरच्या अंगावर जातात. याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, पण मध्यरात्री एकट्या असलेल्या तरुण डॉक्टरचे रक्षण कायदा कसा करणार? ज्याने प्रयत्न केला त्याला मार, आणि ज्याने अंग झटकले त्याला नमस्कार, असा आपला न्याय असेल तर डॉक्टर अंगच झटकणार. ‘येथे उपचार द्या’ असे मागणाऱ्या समाजाने ‘येथे उपचार करूनही माणूस जाऊ शकतो’ हे सत्य पचविण्याचीही तयारी ठेवली पाहिजे. दुसरे म्हणजे, २०२० च्या मार्चमध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले आणि एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला दुरून घेणे त्यांनी मान्य केले. उपचाराची जबाबदारी मात्र रुग्णापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरचीच राहते. तेव्हा त्याच्या पाठीशी खाते, तज्ज्ञ आणि गाव या तिघांनीही उभे राहावयास हवे.

आता एक इशारा आमच्याच बाजूच्या लोकांना. दूरच्या तज्ज्ञाची जोडणी ही नवी फसवणूकही ठरू शकते. यंत्र येते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते. पुढे ईसीजीचा कागद संपतो, वायर तुटते, रात्री यंत्राच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे कोणास ठाऊक नसते. आणि सर्व काही चालू असले तरी कपाटात औषध नसेल तर तज्ज्ञाचा निरोप म्हणजे केवळ एक दुःखद वार्ता. ‘होय, हा झटकाच आहे’ असे पुण्याहून कळले, आणि पुढे? पुढे पुन्हा तेच दोन शब्द. टेनेक्टेप्लेज हे औषध २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते एकाच वेळी, काही सेकंदांत शिरेतून देता येते. अत्यावश्यक याचा अर्थ जेथे आवश्यकता आहे तेथे असणे, एवढाच होतो. नव्या इमारतींच्या घोषणा करणाऱ्यांना आमचे नम्र सांगणे आहे की, आम्हांला संगमरवर नको, भरलेले कपाट हवे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. बारामती व इंदापूर तालुक्यांतील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू स्थितीतील ईसीजी यंत्र आणि ते चालविणारा माणूस अहोरात्र असावा. छातीत दुखते म्हणणाऱ्या प्रत्येक प्रौढाचा आलेख, केसपेपरच्या रांगेत उभे न करता, दहा मिनिटांत निघावा. तो वाचणारा तज्ज्ञ रात्री तीनलाही जागा असावा. बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या दोन तालुक्यांचा सल्ला त्या महाविद्यालयाच्या माध्यमातून मिळू लागला, तर गावच्या डॉक्टरला पलीकडचा आवाज ओळखीचा वाटेल. औषध आणि विजेचा धक्का देणारे यंत्र केंद्रात असावे. २०१४ पासून सुरू असलेल्या १०८ च्या रुग्णवाहिकेला त्याच क्षणी वर्दी जावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, केंद्राच्या भिंतीवर फलक असावा तो ‘किती ईसीजी काढले’ याचा नव्हे, तर रुग्ण दारात आल्यापासून आलेखापर्यंत आणि औषधापर्यंत किती मिनिटे लागली याचा. उद्घाटने मोजता येतात तशी मिनिटेही मोजता येतात.

शासनाकडे मागण्या करून आपली सुटका होत नाही. पहिला तास सरकार नव्हे, आपण घरात गमावतो. छातीत दाब, आवळल्यासारखी वेदना, ती डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, दरदरून घाम, मळमळ, दम लागणे, ही लक्षणे घरातील थोरामोठ्यांना तोंडपाठ हवीत. मधुमेही माणसाला कधीकधी वेदना होतच नाही. स्त्रियांना पुष्कळदा केवळ धाप आणि विलक्षण थकवा जाणवतो, आणि घरची कामे उरकल्यावाचून दवाखान्यात जावयाचे नाही या आपल्या माताभगिनींच्या सवयीने त्यांचा घात होतो. पन्नाशीच्या माणसाचे ‘पित्त’ घामासह आले तर ते पित्त नव्हे, असेच धरून चालावे. त्याला चालवू नये, गाडी हाकू देऊ नये. १०८ ला फोन करावा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि कोठून रक्तस्राव होत नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावयास द्यावी. पहिला ईसीजी निर्दोष आला तरी वेदना चालू असल्यास तो थोड्या वेळाने पुन्हा काढावयास सांगावे, आणि त्याची प्रत जवळ ठेवावी.

आपल्या धर्मग्रामांकडे एक मोठे भांडवल आहे. परिचारिकेचे काम केलेल्या धर्मभगिनी आणि समाजकन्या आपल्यांत आहेत, माणसे एकत्र जमण्याची जागा आहे, दर रविवारी जमणारी माणसे आहेत. वर्षातून दोन वेळा, मिस्सानंतरचा अर्धा तास ही लक्षणे आणि छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची कृती शिकविण्यास दिला तर कोणाचे काही बिघडणार नाही, आणि त्याचा लाभ शेजारच्या सर्व धर्मांच्या घरांना होईल. प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीला जाऊन तीन प्रश्न विचारा : ईसीजी यंत्र रात्री चालते काय? गुठळीचे औषध आज कपाटात आहे काय, आणि त्याची मुदत कधी संपते? मागच्या रुग्णाला किती मिनिटे लागली? उत्तर टाळले गेले तर पुढच्या बैठकीला पुन्हा जा, आणि हेच प्रश्न ग्रामसभेत मांडा.

आणि एखाद्या रात्री आपल्या घरच्या, शेजारच्या किंवा कोपीतल्या माणसाला घेऊन आपण केंद्राच्या दारात उभे असाल व आतून ते दोन शब्द ऐकू आले, तर गाडी पाहावयास धावण्यापूर्वी शांतपणे, हात जोडून विचारा : ‘डॉक्टर, आधी ईसीजी काढता का?’